दुसऱ्या कार्डाची सोय असेल तरच पहिलं जुनं घ्या

प्रश्न: नोकरीला नऊ महिने झाले, कायम व्हायला अजून तीन बाकी आहेत. स्वतः जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्ड टाकायचं आहे. आठ महिने बाजूला टाकून पैसे जमवले. एक जण जुनं आरटीएक्स ३०८० विकतोय. 'फक्त गेमिंगला वापरलंय' म्हणतो, पण पावती नाही. आरएक्स ६७०० एक्सटीही जुनं मिळतंय, पण ते मनात भरत नाही. ३०८० च्या ताकदीचं नवं कार्ड बारा हप्त्यांत मिळेल. मित्र म्हणतो, जीटीएक्स १०८० टीआय घे, सगळ्यात स्वस्त. पॉवर सप्लाय ६५० वॅटचा, मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झचा. अडीअडचणीसाठी वेगळी ठेवलेली रक्कम एका महिन्याच्या खर्चाइतकी आहे. काय करू?

उत्तर: तुम्ही सगळे आकडे कळवलेत हे फार बरं केलं. ते जसेच्या तसे न छापता तुम्ही जमवलेल्या पैशाला १०० धरतो, म्हणजे इतरांनाही आपला हिशोब यावर बसवता येईल. या मापात जुनं ३०८० पडतं ८० ला, जुनं ६७०० एक्सटी ५५ ला आणि नवं कार्ड १३० ला. तुम्ही महिन्याला साडेबारा बाजूला टाकू शकता.

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. जुनं कार्ड घेणं म्हणजे मूर्खपणा, असं मला मुळीच वाटत नाही. आकडेमोड जुन्याच्याच बाजूने आहे. एकाच ताकदीची दोन कार्डं, एक १३० ला आणि एक ८० ला. फरक ५० चा, आणि हे ५० तुम्ही मुख्यतः वॉरंटीसाठी मोजता. जुनं कार्ड बंद पडलं तर पुन्हा ८० घालावे लागतील. म्हणजे ते बंद पडण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल तरच नवं घेणं हिशोबात परवडतं. नीट तपासून घेतलेलं कार्ड इतक्या सहजी मरत नाही.

पण हा हिशोब सरासरीचा आहे. दहा जणांनी दहा जुनी कार्डं घेतली आणि त्यातलं एक बंद पडलं (दहात एक हे मी समजायला सोपं म्हणून धरलंय), तर दहा जण मिळून फायद्यातच राहतात. ज्याचं कार्ड बंद पडलं, त्याला मात्र त्या सरासरीचा काही उपयोग नाही. तुम्ही एकच कार्ड घेणार आहात. वॉरंटी नाही, म्हणजे त्या कार्डाचे विमा कंपनी तुम्हीच. आणि विमा कंपनीकडे दावा आला तर द्यायला पैसे असावे लागतात. म्हणून जुन्या वस्तूच्या बाबतीत मी किमतीच्या आधी हे विचारतो: हे उद्या बंद पडलं, तर दुसरं घ्यायला किती महिने लागतील?

आता ३०८० या कसोटीवर लावा. कार्डाचे ८०. त्याची वीज ३२० वॅट आणि ते काढणाऱ्या एनव्हिडिया कंपनीची शिफारस ७५० वॅटच्या पॉवर सप्लायची, म्हणजे तुमचा ६५० चा बदलावा लागणार. तुम्ही विचारलेल्या भावात त्याचे २० धरले, तर शंभर पुरे झाले. हाती शून्य. त्यानंतर महिनाभरात कार्ड गेलं, तर पुन्हा ८० जमवायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागेल, आणि तेवढे दिवस कॉम्प्युटरमध्ये रिकामी जागा बघत बसावं लागेल. '६५० वरही चालतं' असं सांगणारे भेटतील. चालेलही कदाचित. पण या कार्डाची वीज क्षणभरासाठी ३२० च्या बरीच वर उसळते आणि अशा वेळी पॉवर सप्लाय ऐन गेममध्ये कॉम्प्युटर बंद करू शकतो. बिनवॉरंटीच्या महागड्या कार्डावर हा प्रयोग नको.

६७०० एक्सटीला २३० वॅट लागतात आणि ते काढणाऱ्या एएमडी कंपनीची शिफारस ६५० वॅटची आहे. तुमच्याकडे आहे तोच पॉवर सप्लाय पुरतो. ५५ गेले, ४५ उरले. हे कार्ड बंद पडलं तरी दुसऱ्यासाठी दहाच कमी पडतात, ते एका महिन्यात भरून निघतात. सहा महिने आणि एक महिना, हा फरक मला कार्डाच्या वेगातल्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

शिवाय तो वेग तुम्हाला दिसणार कुठे? ७५ हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ७५ चित्रं दाखवतो. ३०८० ने १४० बनवली, तरी उरलेली तुमच्या डोळ्यांपर्यंत पूर्ण पोचतच नाहीत. फुल एचडीवर ६७०० एक्सटी बहुतेक गेममध्ये तुमच्या मॉनिटरला पुरून उरतं. त्याला १२ जीबी मेमरी आहे. ३०८० च्या मूळ आवृत्तीला १० जीबी. अलीकडचे गेम मेमरीवर अडतात तेव्हा हे २ जीबी कामाला येतात. रे ट्रेसिंगमध्ये, म्हणजे गेममधला प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या दाखवण्यात, मात्र ३०८० बरंच पुढे आहे. तुमच्या पत्रात रे ट्रेसिंगचा उल्लेख नाही, म्हणून मी ते वजनात धरलेलं नाही.

विजेचाही थोडा हिशोब करू. दोन कार्डांत ९० वॅटचा फरक. रोज तीन तास पूर्ण भारावर खेळलात तर वर्षाला साधारण ९८ युनिट. तुमच्या बिलात एका युनिटला जो दर लागतो, त्याने गुणून पाहा.

दोन वर्षं वापरून विकायचं ठरवलं तर? ३०८० आणि पॉवर सप्लाय मिळून १०० घातले आणि ३५ परत आले, तर महिन्याला पावणेतीनच्या आसपास खर्च. ६७०० एक्सटीचे ५५ घातले आणि २५ परत आले, तर महिन्याला सव्वा. परत येणारे आकडे माझा अंदाज आहेत, पण ते थोडे इकडेतिकडे झाले तरी क्रम बदलत नाही.

आता विक्रेत्याबद्दल. 'फक्त गेमिंगला वापरलंय' या वाक्याची किंमत शून्य धरा. तो खोटंच बोलतोय असं नाही. ते पडताळता येत नाही, एवढंच. ३०८० बाजारात आलं सप्टेंबर २०२० मध्ये, आणि पाठोपाठ मायनिंगची, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करून इथरसारखं डिजिटल चलन मिळवण्याची लाट आली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथर ज्या नेटवर्कचं चलन, त्या इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डावर इथर खणणं थांबलं, आणि ती कार्डं जुन्या बाजारात आली. जे कार्ड त्या दोन वर्षांत रात्रंदिवस चाललं, ते सुमारे साडेसतरा हजार तास चाललंय. रोज तीन तास खेळणाऱ्याला तेवढे तास भरायला सोळा वर्षं लागतील.

तरीही मायनिंगचं कार्ड म्हणजे हमखास खराब, असं मी म्हणणार नाही. समजूतदार मायनर वीज कमी करून चालवायचे, तापमान एकाच पातळीवर राहायचं, आणि चिपला सारखं गरम-थंड होण्यापेक्षा ते बरं असतं. झीज होते ती पंख्यांच्या बेअरिंगची, चिपची उष्णता कूलरकडे नेणाऱ्या थर्मल पेस्टची आणि तेच काम मेमरीवर करणाऱ्या थर्मल पॅडची. यातच ३०८० ची अडचण आहे. त्याची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट, आणि इथर खणताना सगळ्यात जास्त राबते ती मेमरीच. ६७०० एक्सटीमध्ये साधी जीडीडीआर६ आहे, ती तुलनेने थंड राहते. तेही मायनिंगमधून आलेलं असू शकतं, म्हणून तपासणी दोघांचीही सारखीच करायची.

तपासणी विक्रेत्याच्या घरी, त्याच्याच कॉम्प्युटरवर, पैसे देण्याआधी. तो 'कॉम्प्युटर नाही, पण कार्ड चालू आहे' म्हणाला तर उठून या. कॉम्प्युटर आधीपासून चालू ठेवू नका असं त्याला फोनवरच सांगा. काही कार्डांचा दोष थंड असताना सुरू करतानाच दिसतो. जीपीयू-झी हे सॉफ्टवेअर उघडून कार्डाचं नाव आणि मेमरी पाहा. जुन्या चिपवर नव्या नावाचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) चढवून विकलेली बनावट एनव्हिडिया कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि नावापुढेच तसं दाखवतं. मग अर्धा तास भार द्या. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमध्ये व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, वेगळी चाचणी आहे, ती चालवाच, कारण मेमरीचा दोष साध्या गेममध्ये दहा मिनिटांत दिसेलच असं नाही. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चिपचं तापमान, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि मेमरी तिन्ही लिहून घ्या. चिप ७० वर आणि हॉटस्पॉट १०० च्या पुढे, असं मोठं अंतर दिसलं तर पेस्ट वाळलेली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. ३०८० ची मेमरी ११० अंशांपाशी जाऊन टेकत असेल तर पॅड गेलेत. पॅड बदलता येतात, पण त्याचे पैसे किमतीतून वजा करून मागा. पंखे पूर्ण वेगाने फिरवून कान द्या. स्क्रू झिजलेत का, कार्डावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का, तेही पाहा.

पावतीची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मला ती महत्त्वाची वाटते. काही कंपन्या वॉरंटी सिरियल नंबरवरून मोजतात, काहींना मूळ पावती लागते, काही दुसऱ्या मालकाला ती देतच नाहीत. सिरियल नंबर मागून कंपनीला एक मेल टाका. विक्रेता नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर तो व्यवहार सोडा. कार्ड चोरीचंही असू शकतं.

मित्राचं १०८० टीआय मात्र नको. २०१७ साली ते अप्रतिम होतं, ११ जीबी मेमरी आजही कमी नाही. पण त्या पिढीला एनव्हिडियाने गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. त्या कार्डात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. स्वस्त आहे खरं, पण दोन वर्षांनी ते तुमच्याकडून घेणार कोण? एएमडीनेही २०२५ च्या अखेरीला ६००० मालिकेचे (६७०० एक्सटी त्यातलंच) ड्रायव्हर वेगळ्या शाखेत नेले आणि त्यावर बरीच ओरड झाली. गेमसाठीचा आधार चालू राहील असं कंपनीने नंतर स्पष्ट केलं. दोन वर्षं वापरून विकण्याच्या बेतासाठी मला तेवढं पुरेसं वाटतं. पाच वर्षांचा बेत असता तर मी इतक्या सहज हो म्हटलं नसतं.

राहिला हप्ता. ११.५ चे बारा हप्ते म्हणजे १३८, आठ व्याजाचे. खरी काळजी व्याजाची नाही. महिन्याला साडेबारा वाचतात, त्यातले साडेअकरा वर्षभर बांधले जातील. नोकरी अजून कायम नाही आणि अडीअडचणीची रक्कम जेमतेम महिनाभराची. तीन महिन्यांनी काही बिनसलं, तर हप्ता थांबणार नाही, आणि खोक्यातून काढलेलं कार्ड विकून राहिलेलं कर्ज फिटण्याची शक्यता कमी. बिनव्याजी हप्ता मिळाला तरी माझं उत्तर हेच राहील. आणि कार्डासाठी त्या महिनाभराच्या रकमेला हात लावायचा नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही.

तेव्हा ६७०० एक्सटी घ्या. ५५ सांगितलेत म्हणून ५५ द्यायलाच हवेत असं नाही. पावती नसेल तर ५० पासून बोलायला सुरुवात करा. धड स्थितीतलं मिळालं नाही, तर नव्यातलं खालच्या पायरीचं ८ जीबीचं कार्ड तुमच्या १०० च्या आत बसतंय का ते बघा. मेमरी कमी असेल, पण वॉरंटी असेल.

उरलेले ४५ कार्ड घेतल्यापासून तीन महिने अजिबात हलवू नका. तेच तुमच्या कार्डाचा विमा. आठ महिने स्वतःला आवर घालून हे पैसे जमवलेत, त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, म्हणूनच ते एका फटक्यात शून्यावर आलेले मला बघवणार नाहीत. तीन महिन्यांत कार्ड नीट चाललं आणि नोकरीही कायम झाली, तर त्यातले २५ अडीअडचणीच्या रकमेत टाका आणि २० चांगल्या मॉनिटरसाठी ठेवा. मोठ्या रिझोल्यूशनचा, जास्त हर्ट्झचा मॉनिटर आला की मग ३०८० च्या वर्गातल्या कार्डाचा विचार पुन्हा करू. तेव्हा ६७०० एक्सटीचे जे येतील ते हाताशी असतील आणि पॉवर सप्लायचा खर्चही आधीच माहीत असेल. त्या दिवशी मला पुन्हा लिहा. मॉनिटर कोणता घेतलात आणि हाताशी किती उरले, एवढं त्यात असू द्या.