घाटासाठी पद्मिनी की मारुती ८००?

प्रश्न : वडिलांची १९७८ची प्रीमिअर पद्मिनी आठ वर्षे शेडमध्ये उभी आहे. इंजिन सुरू होते, पण पत्र्याला गंज लागला आहे. परिचयातील एक गृहस्थ त्यांची १९९६ची मारुती ८०० विकत आहेत. जागा एकाच गाडीपुरती आहे आणि महिन्यातून दोनदा मेढ्यामार्गे महाबळेश्वरला जाणे होते. कोणती गाडी ठेवावी? — एक वाचक, सातारा

उत्तर : आपला रस्ता केळघर घाटाचा असल्याने आधी चढाचाच विचार करू. पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे आणि मारुतीचे ७९६ सीसीचे, तेही तीनच सिलिंडरचे. परंतु मारुती पद्मिनीपेक्षा जवळजवळ पाव टन हलकी असल्याने चढावर ती मागे पडत नाही. पद्मिनी मुळात फियाटच्या १९६०च्या दशकातील गाडीचे रूप आहे. तिच्या इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागच्या चाकांना मिळते आणि मागे धक्के झेलायला पाटे (लीफ स्प्रिंग) असतात. मारुतीचे आडवे बसवलेले इंजिन पुढचीच चाके फिरवते. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी गुडगावहून रस्त्यावर आली, तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होतच होती, त्यामुळे दोन वेगळ्या काळांतील या गाड्या पुढे कितीतरी वर्षे शेजारी शेजारी धावल्या. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ होऊन पद्मिनी बंद पडली, की चालक फ्युएल पंपावर ओले फडके टाकून निमूटपणे वाट पाहत बसत, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. गंमत म्हणून ते ठीक; महिन्यातून दोनदा नको.

इंजिनापेक्षा मला पत्र्याची काळजी अधिक वाटते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून पायाखालचे मॅटिंग काढून दरवाज्यांखालच्या पट्ट्या आणि मागचे पाटे जिथे बसतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावी. टोक आत गेले, तर वरवर पुट्टी आणि रंग मारून देणाऱ्या मेस्त्रीकडे गाडी देऊ नये; तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागेल. मारुती घेण्यापूर्वीही हीच तपासणी करावी, कारण तिचीही रचना अशीच आहे.

इंधनाचा मुद्दाही आहे. पद्मिनीचे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले. ते पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, आणि शिशाअभावी व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या कडा) लवकर झिजतात; त्यामुळे इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, उघडाल तेव्हा त्या कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे दोन्ही गाड्यांतील जुने रबरी पाइप कडक होऊन चिरतात, ते बदलावेच लागतील.

थोडक्यात, जागा खरोखरच एका गाडीपुरती असेल, तर मारुती घ्यावी. पद्मिनीचे काम मनापासून करणारा आणि सुटे भाग शोधून आणणारा कारागीर आपल्या गावात असेल, तरच वेगळा विचार करावा. दोन्हींची १५ वर्षे उलटलेली असल्याने नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरला आहे का, हे आरसी पुस्तकावर पाहून घ्यावे. पद्मिनीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचा विचार मनात असेल, तर त्यासाठी गाडीला ५० वर्षे पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे २०२८पर्यंत थांबावे लागेल. शिवाय त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे आपल्या महाबळेश्वरच्या फेऱ्यांना तिचा उपयोग होणार नाही.