बुसान फिल्म फेस्टिव्हलला चार दिवस पुरतील का? की नुसता रेड कार्पेटचा थाट असतो?

चार दिवस पुरतात. पण "थाट" हा शब्द खटकला, म्हणून आधी त्याबद्दल.

2014 साली दक्षिण कोरियात सेवोल ही प्रवासी फेरीबोट बुडून 304 जण गेले, बहुतेक शाळकरी मुलं. त्याच वर्षी बचावकार्यातल्या हलगर्जीवरचा माहितीपट महोत्सवाने निवडला. बुसानचे महापौर म्हणाले, दाखवू नका. आणि महोत्सव समितीचे अध्यक्षही तेच. तरी दाखवला. पुढच्या वर्षी सरकारी अनुदान 146 कोटी वॉनवरून 80 कोटींवर आलं. 2016 मध्ये संचालकांना पद सोडावं लागलं, तेव्हा सिनेमावाल्यांच्या संघटनांनी महोत्सवाच्या स्वायत्ततेसाठी बहिष्कार पुकारला. सरकारी पैसा घेणारा महोत्सव मिंधाच असतो, हे मला कुणी सांगू नये.

आता तुमचं काम. विमानतळावरून लाइट रेलने सासांग, तिथून मेट्रो लाइन 2 थेट सेंटम सिटीला, महोत्सवाची मुख्य थिएटरं याच भागात. राहायचं तिथेच आसपास. तिकीटविक्री ऑनलाइन, ठरल्या वेळेला उघडते आणि गाजणारे सिनेमे बघता बघता संपतात. पर्यायी यादी हाताशी ठेवा. वेळापत्रकात सिनेमापुढे "जीव्ही" असेल, तर नंतर दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरं असतात. नवखे लोक नेमके इथे फसतात: सिनेमाची लांबी बघून पुढचं तिकीट काढतात आणि गप्पा रंगात आल्या की उठून पळतात. त्यानंतर तासभर मोकळा सोडाच. दिवसाला तीनच सिनेमे. बुसान सिनेमा सेंटर या मुख्य इमारतीच्या अवाढव्य एलईडी छताखालच्या खुल्या थिएटरात रात्री वारा बोचतो, जाकीट लागतं.

महोत्सव 1996 मध्ये सुरू झाला तो नाम्पो-दोंगच्या जुन्या थिएटरांत. तिकडे जायला सेंटम सिटीहून लाइन 2 ने सम्यनला उतरून लाइन 1 पकडा. एकाच दिवशी दोन्हीकडचे शो लावू नका, बराच वेळ मेट्रोत जाईल.

गाम्चनची रंगीत वस्ती बघायची तर सकाळी लवकर. लाइन 1 वर तोसंग, पुढे छोटी बस. छोट्या राजपुत्राच्या पुतळ्यापाशी फोटोसाठी रांग लागते, ती सोडून वरच्या बोळांत शिरा. मात्र घरं राहती आहेत, उघड्या दारातून कॅमेरा आत घालू नका.

एक राहिलंच. बुसान बिएनाले, म्हणजे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, सम वर्षी असते, विषम वर्षी समुद्रकाठचा सी आर्ट फेस्टिव्हल. आणि फिल्म महोत्सव एरवी ऑक्टोबरमध्ये असला तरी 2025 मध्ये 17 ते 26 सप्टेंबरला झाला, त्यामुळे तारखा जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.