आई-बाबांना घेऊन ग्रीसच्या बेटावर पायी फिरणं जमेल का, की गाडीच घ्यावी?

जमेल. पण तुम्ही लिहिलंय तसं नाही जमणार.

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. आई ६३, बाबा ६६, जूनचा शेवटचा आठवडा, सहा दिवस, "चर्च, पवनचक्क्या आणि बीच असं सगळं बघत चालायचंय, मिकोनोस, सांतोरिनी की सिफनोस, आणि गाडी घ्यावी का". खाली आधीच दोन उत्तरं आलीत, दोघांनीही वयस्कर माणसांना चालवू नका, सरळ गाडी घ्या म्हटलंय. तेवढं वाचून माझं डोकं फिरलं, कारण अगदी हेच वाक्य मी आमच्या घरात चार वर्षं ऐकतेय.

आधी बेटाचं उरकते. मिकोनोसच्या त्या ओळीतल्या पवनचक्क्या, पारापोर्तियानी चर्च आणि समुद्राला लागून घरं असलेलं लिटल व्हेनिस हे सगळं पंधरा मिनिटांच्या अंतरात आहे. पारापोर्तियानी सुंदर आहे, पाच चर्चं एकमेकांत मिसळून झालेला पांढरा गोळा, पण क्रूझची माणसं उतरली की तिथे तुळशीबाग होते, त्याला चालणं म्हणत नाहीत. सांतोरिनीला फिरा गावापासून इया गावापर्यंत दहाएक किलोमीटरची वाट आहे, समोरचा देखावा जबरदस्त, पण सावली औषधाला नाही आणि वाटेत पाय बुडवायला बीचही नाही. तुम्हाला जे हवंय ते सिफनोसला आहे. विमानतळ नाही, त्यामुळे गर्दी गाळून येते. अथेन्सच्या पिरेअस बंदराहून फास्ट फेरीने तीनेक तास. बेट लहान, चालायच्या खुणा केलेल्या वाटा मात्र सगळ्या मिळून शंभरेक किलोमीटर. आणि चर्चं इतकी की तिथले लोक सांगतात वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.

आम्ही मे २०२२ च्या शेवटी गेलो होतो. मी, माझा नवरा, सासूबाई (आम्ही सगळे आईच म्हणतो, तेव्हा वय ६७, डावा गुडघा कुरकुरणारा), आणि जर्मनीहून आलेले धाकटे दीर आणि जाऊबाई. भाऊजींनी बंदरावरच गाडी घेतली. मी म्हटलं निदान एक दिवस चालूया, तर म्हणाले, "वहिनी, चालायला ग्रीसला कशाला यायचं, तुमचा अजिंक्यतारा आहे की." मी साताऱ्याची, त्यामुळे हा टोमणा दर ट्रिपला ठरलेला. मग आईच म्हणाल्या, मी जाते हिच्याबरोबर. नवरा गप्प बसला आणि गाडीत बसला, तो वेगळा विषय आहे.

आमची ठरलेली वाट अशी: बेटाचं मुख्य गाव अपोलोनिया, तिथून आर्तेमोनास, तिथून खाली पुलाती, मग समुद्राच्या कडेने कास्त्रो, कास्त्रोहून फारोस, आणि फारोसहून क्रिसोपिगी करून प्लातिस यालोसच्या बीचवर. सगळं मिळून अकरा-बारा किलोमीटर. ऐकायला काहीच नाही, पण चढउतार आहेत आणि पायाखाली दगड आहेत. गावातल्या गल्ल्यांत फरसबंदी आणि सांध्यांना पांढरा रंग, इतकं स्वच्छ की चप्पल काढावीशी वाटते. गाव संपलं की दगडगोटे आणि दोन्ही बाजूला रचलेल्या भिंती, चुना सिमेंट काही नाही, कोकणात गडगा असतो तसाच. डोंगरउतारावर तर आपल्याकडच्यासारख्या ताली घातल्यात, एकाखाली एक, समुद्रापर्यंत. असा कोरडा दगड रचायची ही कला २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, ग्रीस आणि आणखी काही देशांची मिळून. आई म्हणाल्या आपल्या तालींना कोण विचारतंय.

पवनचक्क्यांबद्दल एक सांगते, कारण आपल्याकडे पवनचक्की म्हटलं की चाळकेवाडीच्या पठारावरचे ते उंच पांढरे पंखे डोळ्यासमोर येतात. इथल्या म्हणजे गोल, दगडी, बुटक्या, गवताची टोपी घातलेल्या पिठाच्या गिरण्या. लाकडी चक्राला कापडाची तिकोनी शिडं बांधायची, वारा जास्त झाला की ती गुंडाळून कमी करायची. आर्तेमोनासला अशा काही आहेत, काहींच्या आता राहायच्या खोल्या झाल्यात. त्यातल्या एकीच्या बाहेर भिंतीला टेकवून जुनं जातं ठेवलेलं होतं, आपल्या जात्याच्या चौपट तरी. आई वाकल्या (गुडघा वगैरे विसरून), त्यावरनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "टाकी लावायला झालीय गं." खाचा पार गुळगुळीत झाल्या होत्या. मी आयुष्यात जात्याला टाकी लावताना बघितलेलं नाही, त्यांनी दरवर्षी दारावर येणाऱ्या टाकीवालीकडून लावून घेतलेली. पुढची दहा मिनिटं त्यांनी मला गहू जाडा आला तर काय करायचं ते सांगितलं. गाडीतनं हे दिसलं असतं का? गाडीवाले त्या वेळी खाली बीचवर छत्रीचे पैसे किती यावर हुज्जत घालत होते.

पुलातीचं चर्च उतारावर एकटंच उभं आहे, निळा घुमट, खाली खडकाळ खाडीत पोहायची जागा. तिथून कास्त्रोपर्यंतची वाट म्हणजे सगळ्या दिवसातला उत्तम तुकडा, ओव्यासारखा वास येत राहतो, थाइमची झुडपं असतात ती. कास्त्रो ही बेटाची जुनी राजधानी, बाहेरच्या घरांच्या पाठभिंती जोडून झालेली तटबंदी, आणि गल्लीत रोमन काळातल्या दगडी शवपेट्या अशा पडल्यात जशा आपल्याकडे गोठ्याशी डोणी. हे बेट एकेकाळी सोन्याचांदीच्या खाणींवर गब्बर होतं, जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय बेटवाल्यांत हेच सगळ्यात श्रीमंत म्हणून. कास्त्रोच्या खाली खडकाच्या टोकावर सात हुतात्म्यांचं चर्च आहे, फोटोत बघितलं असेलच. पायऱ्या उतरून जावं लागतं, आई उतरल्या नाहीत, वरूनच हात जोडले.

आता मुद्द्याचं, म्हणजे भांडणाचं.

कास्त्रोहून आम्ही निघालो तेव्हा साडेबारा झाले होते. कॉफी, मग लिंबू सरबत, मग एक दुकान, असं होत गेलं. फारोसच्या वाटेवर झाड म्हणून नाही. वारा होता, त्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही, हा तिथला सगळ्यात मोठा धोका आहे, घाम वाळून जातो आणि माणसाला वाटतं मस्त चाललंय. तासाभराने आई बोलायच्या थांबल्या. आमच्या आई बोलायच्या थांबल्या म्हणजे काहीतरी बिघडलंच. चेहरा लाल, म्हणाल्या जरा गरगरतंय. पन्नास पावलांवर एक चर्च होतं, चर्च कसलं, आपल्याकडे बांधावर म्हसोबाचं देऊळ असतं तेवढं. कडी लावलेली, कुलूप नाही. दार ढकललं आणि आत माठासारखा गारवा. भिंतीलगतच्या ओट्यावर त्यांना आडवं केलं, इलेक्ट्रॉलची पुडी होती (ही माझ्या पर्समध्ये कायम असते, हसायचं असेल तर हसा), ती बाटलीत टाकून घोट घोट पाजली, ओढणी भिजवून मानेवर ठेवली.

वीसेक मिनिटांनी डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ते काय लावलंय गं?" मूर्तीच्या म्हणजे तसबिरीच्या खाली दोऱ्यात ओवलेले पत्र्याचे छोटे तुकडे होते, चांदीसारखे, एकावर डोळे, एकावर तान्हं बाळ, एकावर पाय. तामा म्हणतात त्याला, नवसाचे असतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तेच. आई उठून बसल्या आणि पायवाल्या पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे गुडघ्याची तक्रार इथेही आहे." वाळूच्या तबकात एक मेणबत्ती लावली, डबीत एक युरो टाकला, आणि चला म्हणाल्या. तोवर मी भाऊजींना फोन केला होता. फारोसला पोचलो तेव्हा ते गाडी घेऊन उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. घाबरणं कमी आणि "बघा" जास्त.

तेव्हापासून दर गणपतीत, दर लग्नात, आल्यागेल्यासमोर: "वहिनींनी ग्रीसमध्ये आईला संपवलंच होतं, गाडी होती म्हणून वाचली." आणि कोणी विचारत नाही की दुसऱ्या दिवशी काय झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता आई स्वतःहून म्हणाल्या की राहिलेलं क्रिसोपिगी बघायचं आणि चालत बघायचं. फारोसपासून जेमतेम अर्धा तास. या वेळी भाऊजीही आले, कारण आईला माझ्याबरोबर एकटं सोडायचं नव्हतं. क्रिसोपिगी म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकावरचं पांढरं देऊळ, १६५० चं, खडक मध्येच दुभंगलेला आणि वर छोटा पूल. गोष्ट अशी सांगतात की चाचे मागे लागले तेव्हा बायकांनी मरियमेचा धावा केला आणि खडक फाटला. आई अर्थातच म्हणाल्या सीतेसाठी जमीन फाटली तसं. तिथे खडकावर बसून त्यांनी पाय पाण्यात सोडले आणि भाऊजींना म्हणाल्या, "गाडीतनं हे दिसलं नसतं रे." हे वाक्य तेव्हा माझ्या नवऱ्याने ऐकलंय, पण साक्ष द्यायची वेळ आली की त्याला आठवत नाही.

तर तुमच्यासाठी. आई-बाबांना चालवा, पण सगळं एका दिवशी नाही, ते मी केलं. आर्तेमोनास ते कास्त्रो एका सकाळी, सातला निघून दहाच्या आत, मग बसने परत. फारोस ते क्रिसोपिगी एका संध्याकाळी. कास्त्रो ते फारोस आई-बाबांना नकोच, तुम्ही दोघं पहाटे करून या. जूनअखेर म्हणजे आमच्या मेपेक्षा ऊन बरंच जास्त. मायकल मोस्ली नावाचे ब्रिटिश टीव्हीवरचे डॉक्टर २०२४ च्या जूनमध्ये सिमी बेटावर असेच दुपारी एकटे चालत निघाले आणि गेले, तेही ६७ चेच होते. उन्हाच्या बाबतीत "आम्ही सह्याद्री फिरलोय" हा माज चालत नाही, सह्याद्रीत झाड तरी असतं. अडचण आली तर ११२. मागे पट्टा असलेल्या सँडल चालतील, स्लिपर नाही. मठात किंवा चर्चमध्ये जाताना खांदे झाकायला काहीतरी जवळ ठेवा आणि कडी उघडली तर परत लावा, बकऱ्या आत जातात.

गाडीचं म्हणाल तर बसेस आहेत, अपोलोनियाहून कामारेस (फेरी लागते ते बंदर), कास्त्रो, फारोस, प्लातिस यालोस सगळीकडे जातात. चौकातल्या वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. तरी एखाद दिवस गाडी असू द्या. हे लिहिताना हात जड झालाय, पण असू द्या.

तुम्ही शाकाहारी आहात असं वाटलं म्हणून: रविवारी रेविथादा मागा. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे, कांदा, ऑलिव्ह तेल घालून भट्टीत ठेवतात आणि रविवारी चर्च सुटल्यावर खातात. आई म्हणाल्या मसाला विसरलेले छोले, आणि दोनदा घेतले. उत्सव सापडला तर सोडू नका. वर्षभर ज्या घरी चर्चची तसबीर मानाने ठेवलेली असते ते घर सगळ्यांना जेवू घालतं, परक्यांनाही. क्रिसोपिगीचा उत्सव ईस्टरनंतर चाळिसाव्या दिवशी असतो, आमचा चार-पाच दिवसांनी हुकला, तुमचाही हुकणार.

आणि पाणी. माणशी दोन लिटर, बॅगेत, निघताना मोजून. मी आजवर सगळ्यांना सांगितलंय की आम्ही तीन लिटर घेऊन निघालो होतो आणि आईंना फक्त ऊन लागलं. इथे माझं नाव नाही म्हणून लिहिते. निघालो होतो तीन लिटर घेऊन, पण दीड लिटरची भरलेली बाटली मी कास्त्रोच्या कॅफेत खुर्चीखाली विसरले, आणि पंधरा मिनिटं पुढे गेल्यावर लक्षात आलं तरी मागे फिरले नाही, कारण भाऊजींना फारोसला दोन वाजता पोचतो म्हणून मेसेज टाकला होता.