डेट फंडाचा मॅनेजर जोखीम कशी सांभाळतो? आईबाबांचे निवृत्तीचे पैसे ठेवताना मी काय बघावं?

डेट फंड म्हणजे कंपन्यांना आणि सरकारला रोख्यांमार्फत कर्ज देणारा म्युच्युअल फंड. त्याच्या मॅनेजरला दोन गोष्टींची धास्ती असते. कंपनी पैसे बुडवेल ही एक, आणि गुंतवणूकदार सगळे एकदम पैसे मागायला येतील ही दुसरी. आपण पहिलीचंच रेटिंग, म्हणजे पैसे परत मिळण्याची खात्री किती याचा शेरा, बघत बसतो. आईबाबांच्या पैशांसाठी मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

फ्रँकलिन टेम्पलटनने २३ एप्रिल २०२० रोजी सहा डेट योजना एकदम बंद केल्या. सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. त्यात अल्ट्रा शॉर्ट बाँड फंडही होता, म्हणजे नावावरून तरी अगदी थोड्या मुदतीचा. या योजनांमध्ये जास्त व्याजासाठी एए आणि त्याखालच्या रेटिंगचे (सर्वात वरचं रेटिंग एएए) रोखे भरपूर होते, आणि अशा रोख्यांना रोज गिऱ्हाईक मिळत नाही. कोरोनाच्या घबराटीत लोक पैसे काढू लागले. अशा वेळी जे खपतं तेच आधी विकावं लागतं, त्यामुळे जे थांबतात त्यांच्या वाट्याला न खपणारा माल उरतो. मग बँकेकडून उसनवारी. तिलाही नियमाने निव्वळ मालमत्तेच्या २० टक्क्यांची मर्यादा.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने वसुली आणि वाटपाचं काम एसबीआय म्युच्युअल फंडाकडे दिलं. परत मिळालेली एकूण रक्कम बंद झाल्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्त भरली. पण पहिला हप्ता आला फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधल्या काळात ज्याच्या घरी दवाखाना होता, त्याने काय करायचं? हे मला आजही फार लागतं.

त्यानंतर सेबीने, म्हणजे म्युच्युअल फंडांच्या नियामकाने, बहुतेक खुल्या (कधीही पैसे काढता येणाऱ्या) डेट योजनांना किमान १० टक्के पैसे रोख, सरकारी रोखे, ट्रेझरी बिलं (सरकारचे थोड्या मुदतीचे रोखे) अशा चटकन मोकळ्या होणाऱ्या गोष्टींत ठेवायला लावले. डिसेंबर २०२१ पासून प्रत्येक डेट योजनेला नऊ चौकटींचा जोखीम-तक्ताही दाखवावा लागतो. त्यातलं अक्षर पतजोखीम, म्हणजे पैसे बुडण्याची जोखीम, सांगतं (‘ए’ सर्वात कमी), आणि आकडा व्याजदर बदलल्याने रोख्यांची किंमत हलण्याची (१ सर्वात कमी). आईबाबांसाठी मी ‘ए’ रकान्याबाहेर जाणार नाही, आणि आकडा १ किंवा २. डेट योजना दर पंधरवड्याला आपले रोखे जाहीर करतात. ती यादी उघडून सरकारी आणि एएए रोख्यांचा वाटा बघा. एखाद्या फंडाचा यील्ड, म्हणजे त्याच्या रोख्यांवरचा वार्षिक परतावा, त्याच प्रकारच्या इतर फंडांपेक्षा टक्काभर जास्त दिसला, तर तो कुठल्या रोख्यांमुळे हे त्याच यादीत सापडतं. आणि औषधपाण्याचे, वर्षभराच्या घरखर्चाचे पैसे फंडात नकोच, ते बँकेच्या एफडीतच ठेवा.