स्पेनमध्ये नद्या आणि डोंगर दोन्ही दाखवणारा सायकल रूट कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की स्पेनमध्ये सात-आठ दिवस रोड सायकल चालवायची आहे, सगळे मायोर्का नाहीतर जिरोना सांगतात, पण तुम्हाला गावाकडचा रस्ता हवाय, जिथे नदी, डोंगर, परत नदी असं बदलत जातं, आणि तुमची तयारी म्हणजे पुण्यात दर रविवारी सिंहगड. माझं उत्तर आहे उत्तरेकडचे पिकोस दे युरोपा, म्हणजे कांताब्रियन डोंगररांगेचाच एक भाग. मी तिथे जूनमध्ये एका मित्राबरोबर गेलो होतो आणि आजही कुणी स्पेन म्हटलं की मला आधी तोच डोंगर दिसतो.

हाच भाग का, तर आपल्या माणसाला तो लगेच समजतो. उत्तर स्पेनचा कांताब्रियन डोंगर म्हणजे रचनेनं अगदी आपला सह्याद्री समजा. एका बाजूला जवळच समुद्र, त्या बाजूच्या नद्या आखूड आणि उतावळ्या, खोल घळी कापत थेट समुद्रात जाणाऱ्या, आणि दुसऱ्या बाजूला उंचावरचं पठार, तिथल्या नद्या निवांत, शेकडो किलोमीटर फिरून मग समुद्राला मिळणाऱ्या. म्हणजे आपलं कोकण, घाटमाथा आणि देश. फरक इतकाच की आपल्याकडे काळा बसाल्ट, तिथे पांढरा चुनखडक, आणि शिखरं अडीच हजार मीटरच्या वर (सगळ्यात उंच तोर्रे सेर्रेदो, साधारण २६५० मीटर) तीसुद्धा समुद्रापासून वीसेक किलोमीटरवर. हे एकदा डोक्यात बसलं की रूट आपोआप ठरतो, एका नदीनं वर चढायचं, घाटमाथा ओलांडून देशावर जायचं, आणि दुसऱ्या नदीनं परत कोकणात उतरायचं.

सुरुवात उंकेरा नावाच्या गावातून करा. सांतांदेर ते ओव्हिएदो अशी मीटरगेज ट्रेन आहे, ती इथे थांबते, त्यात सायकल नेता येते. गावाजवळच जी नदी समुद्राला मिळते तिचं नाव देवा. मी पाटी वाचली आणि तिथेच थांबलो, मित्र पुढे निघून गेला होता. पुढचे दोन दिवस आम्ही दर पुलावर तिला नमस्कार करत होतो आणि ते मनापासून होतं.

उंकेरापासून पानेस १२ किमी, आणि मग ला एरमिदाची घळ सुरू होते. २१ किमी लांब, दोन्ही बाजूला काही ठिकाणी सहाशे मीटरच्या उभ्या भिंती, आणि तळाला फक्त नदी आणि एन-६२१ हा रस्ता, तिसऱ्या कशाला जागाच नाही. इथे चढ जवळजवळ जाणवत नाही कारण नदीनं लाखो वर्षं घासून तो काढून टाकलाय, तुम्ही फक्त तिच्या उलट दिशेनं हळूहळू वर सरकत असता. वर बघितलं तर गिधाडं, मोठी, शांतपणे गोल फिरणारी, आणि आपल्याकडची गिधाडं कशी गेली ते माहीत असलेल्या माणसाला एका वेळी दहा-बारा दिसणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. मध्ये ला एरमिदा गावात गरम पाण्याचे झरे आहेत, आणि घळ संपत येते तिथे थोडं बाजूला लेबेन्या गावाचं दहाव्या शतकातलं छोटं चर्च आहे, तिथे पाच मिनिटं तरी उतरा. रस्ता अरुंद आहे आणि बरीच वळणं आंधळी आहेत म्हणून दिवसासुद्धा पुढचा-मागचा लाइट चालू ठेवा, सावलीतून उन्हात येताना गाडीवाल्याला आपण दिसत नाही.

घळीतून बाहेर आलात की एकदम उघडं होतं. लिएबाना म्हणतात त्या खोऱ्याला, चारही बाजूंनी डोंगर असल्यामुळे समुद्राकडचा पाऊस इथे कमी पोचतो, त्यामुळे तासाभरापूर्वी हिरवंगार ओलं आणि आता द्राक्षाचे मळे आणि बुचाच्या ओकची झाडं. पोतेस हे इथलं मुख्य गाव, तिथे दोन रात्री राहा. सोमवारी बाजार भरतो. मधला दिवस फुएन्ते दे साठी ठेवा, पोतेसपासून २३ किमी, देवा नदी जिथे उगम पावते त्या कड्याच्या पायाशी रस्ताच संपतो. तिथून १९६६ सालापासून केबल कार आहे, मधे एकही खांब नाही आणि ती साडेसातशे मीटर सरळ वर नेते. सायकल खाली कुलूप लावून ठेवली, वर गेलो, जूनमध्येसुद्धा बर्फाचे पट्टे होते.

आता मुख्य चढ, सान ग्लोरिओ, उंची १६०९ मीटर. पोतेस तीनशे मीटरच्या आसपास आहे म्हणजे २७ किमीत १३०० मीटर चढायचंय, सिंहगड जेवढा चढता त्याच्या साधारण दुप्पट. पण घाबरू नका, सिंहगडासारखा अंगावर येत नाही. पहिले आठ-नऊ किमी ला वेगा गावापर्यंत सोपे, मग पाच-सहा टक्क्यांचा चढ एका लयीत चालू राहतो आणि संपतच नाही. सिंहगड चढणारा माणूस इथे एकच चूक करतो, सिंहगडाच्या जोरानं सुरुवात करतो. मी केली. पंधराव्या किलोमीटरला पाय गेले आणि पुढचे बारा किमी मी फक्त समोरच्या टायरकडे बघत काढले, एवढा सुंदर घाट आणि मला त्यातला अर्धा आठवतच नाही, त्याचं वाईट अजून वाटतं. तुम्ही बोलता येईल एवढ्याच दमानं चढा आणि हरणाच्या पुतळ्यापाशी जो व्ह्यूपॉइंट आहे तिथे थांबून मागे वळून बघा, सकाळी जिथून निघालात ते सगळं खोरं खाली पसरलेलं दिसतं.

खिंड ओलांडली की जग बदलतं, हे मी वाढवून सांगत नाहीये. कांताब्रिया संपून लिओन प्रांत लागतो, ओलं गवत जाऊन कोरडा वास येतो, उतार सौम्य, आकाश मोठं. म्हणजे अक्षरशः ताम्हिणी संपून मुळशीकडे आल्यासारखं. आणि इथून पुढचं पाणी आता जवळच्या समुद्रात जात नाही, ते एस्ला नदीतून दुएरो नदीला मिळतं आणि पार पोर्तुगालमध्ये पोर्तोला समुद्रात पोचतं. मागच्या वळणावर पडलेला थेंब लवकरच जवळच्या समुद्रात आणि इथला थेंब अर्धा देश ओलांडून, आणि दोन्हींच्या मधे एक रस्त्यावरची पाटी.

त्या दिवशी रविवार होता आणि उतारावरच्या गावात दुकान बंद, दोघांच्याही बाटल्या रिकाम्या. गावातल्या कारंजाला पाणी होतं पण पाटी होती ‘आगुआ नो त्रातादा’, म्हणजे पाण्यावर प्रक्रिया केलेली नाही. आम्ही विचार करत उभे होतो तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजी बाहेर आल्या, काही न विचारता बाटल्या घेतल्या, आतून भरून आणल्या आणि सोबत चार जर्दाळू दिले. त्यामुळे सांगतो, लहान गावात दुपारी दोन ते पाच आणि रविवारी दुकानं बंद धरूनच चाला, बार मात्र बहुतेक उघडा असतो आणि तिथे पाणी, कॉफी, बटाट्याचा ऑम्लेट म्हणजे तोर्तिया, सगळं मिळतं. तुम्ही शाकाहारी असाल तर नुसतं ‘कार्ने (मांस) नको’ म्हणून भागत नाही, हॅम आणि ट्यूनाला ते मांसात धरत नाहीत, सॅलडवर हमखास ट्यूना येतो. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ (मांस नको, हॅम नको, ट्यूना नको) असं तिन्ही सांगा. अंडं चालत असेल तर काहीच अडचण नाही.

उतरून रियान्यो लागतं. तलावाच्या कडेला नवीन गाव, मागे हिल्बो नावाचं टोकदार शिखर, फोटोसाठी लोक लांबून येतात. पण हा तलाव म्हणजे धरण आहे आणि जुनं रियान्यो त्याच्या पाण्याखाली आहे. १९८७ मध्ये लोकांचा विरोध असताना घरं पाडली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाणी अडवायला सुरुवात केली. ज्यांना मुळशीची गोष्ट घरातून माहीत आहे त्यांना तिथे नुसता फोटो काढून निघता येत नाही. आम्ही पुलावर बराच वेळ थांबलो, मित्राच्या आजोळचं गाव असंच धरणात गेलेलं आहे, तो काही बोलला नाही आणि मीही नाही.

रियान्योहून पोंतोन खिंड (१२८० मीटरच्या आसपास) फारशी चढायला लागत नाही कारण तुम्ही आधीच वर आहात, देशावरून खंडाळ्याला येतो तसं. मजा पलीकडे. आमच्या मागे लख्ख ऊन होतं आणि खिंडीच्या टोकावर पोचलो तर समोर खाली ढगांचा समुद्र, समुद्राकडून आलेले ढग डोंगराला अडून तिथेच थांबलेले. त्यात शिरायच्या आधी जॅकेट घाला, घाम आलेल्या अंगानं त्या धुक्यात शिरलात तर दहा मिनिटांत बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. इथून सेया नदी सुरू होते आणि तुमच्याबरोबरच उतरते, आधी झाडीतून, मग बेयोसच्या घळीतून, चाळीसेक किमी उतार, थेट कांगास दे ओनिसपर्यंत, जे समुद्रसपाटीपासून शंभर मीटरसुद्धा वर नाही.

उतारावरची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिथे उजव्या बाजूनं चालवतात. सरळ रस्त्यावर लक्षात राहतं पण उतारावर वळणात अचानक गाडी समोर आली की आपलं शरीर सवयीनं डावीकडे जातं आणि तिथे नेमकी तीच चुकीची बाजू. पहिले दोन दिवस प्रत्येक वळणाआधी मी मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणायचो. सायकल भाड्यानं घेतली तर पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे ते दुकानातच दाबून बघा, आपल्याकडे तो बहुतेक उजव्या हाताला असतो. गियरचं म्हणाल तर पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दातांचा मोठा गियर असू द्या, टायर २८ मिलिमीटर रुंदीचा. गाववस्तीबाहेर हेल्मेट कायद्यानं लागतं. गाडीवाल्यांचं मात्र खूप कौतुक वाटलं, ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदा आहे आणि लोक तो पाळतात, वळणावर मागे शांत थांबतात, हॉर्न नाही. आस्तुरियासमध्ये, म्हणजे कांगास ज्या प्रांतात आहे तिथे, सिद्रा नावाची सफरचंदाची दारू हात डोक्यावर नेऊन उंचावरून ग्लासात ओततात, ती जरूर बघा आणि प्या पण संध्याकाळी, कारण दारूची तपासणी सायकलवाल्यालाही लागू आहे.

कांगासमध्येही दोन रात्री. तिथून कोवादोंगाचे तलाव करा. १९८३ पासून व्हुएल्ता ही स्पेनची मोठी सायकल शर्यत तिथे कितीतरी वेळा संपलीये. बारा-तेरा किमीचा चढ आहे, मधला उएसेरा नावाचा टप्पा पंधरा टक्क्यांच्या आसपास जातो, तिथे मात्र सिंहगडाची सवय खरंच कामाला येते. सीझनमध्ये खासगी गाड्यांना वर बंदी असते त्यामुळे रस्त्यावर बसेस, सायकली आणि गायी. वर दोन तलाव, एनोल आणि एर्सिना, मधे चरणारी गुरं आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा, बाकी आवाज नाही.

शेवटचा दिवस कांगास ते आरेनास दे काब्रालेस, वाटेत नारांहो दे बुल्नेस हा एकटा उभा सुळका दिसतो, १९०४ मध्ये पहिल्यांदा सर झाला, आणि आरेनासला गुहेत मुरवलेलं काब्रालेस चीज, वास उग्र पण चाखा. मग तिथून कारेस नदीबरोबर पानेस, हिरवं स्वच्छ पाणी, हलका उतार, आणि पानेसजवळ कारेस देवाला मिळते. आपण चारही दिशांनी डोंगराला फेरी घातली आणि परत त्याच नदीवर आलो हे तिथे कळतं. सगळं मिळून सव्वादोनशे किमी, फुएन्ते दे आणि तलाव धरले तर तीनशेच्या आसपास, सहा दिवसांत आरामात.

मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर निवडा, ऑगस्टमध्ये गर्दी फार. आणि एक दिवस जास्त मिळाला तर तो कांगासमध्येच ठेवा आणि सकाळी लवकर उठून बेयोसच्या घळीत सेयाच्या उलट दिशेनं पंधरा-वीस किमी वर जाऊन या. उतरताना चाळीसच्या स्पीडनं ती घळ आमच्या हातून निघून गेली, ब्रेक आणि वळणं सोडून काही बघितलंच नाही, नदीचा फक्त आवाज आला.