शहीद वैमानिकाच्या नावाने सोलापुरात जुनं लढाऊ विमान उभारायचं असेल तर काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की मावसभाऊ हवाई दलात मिग-२१ उडवायचा, सरावाच्या उड्डाणात गेला, आणि आता मित्रमंडळाला एक निवृत्त मिग-२१ नीट करून त्याच्या नावाने सोलापुरातल्या एखाद्या चौकात उभं करायचंय. जरूर करा. फक्त चौकात नको. आणि उद्घाटनाची तारीख धरण्याआधी फलकावर काय लिहायचं आणि पुढची वीस वर्षं विमानाची निगा कोण राखणार, हे ठरवून टाका.

त्याही आधी मावशींना विचारा. ज्या जातीच्या विमानात मुलगा गेला ते विमान जाता-येता दिसणं प्रत्येक आईला सोसेलच असं नाही. एखादीला ते रोज बघावंसं वाटेल, एखादी तो रस्ताच टाकेल. त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथेच थांबवा, मंडळाचा उत्साह कितीही असो.

आता फलक. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा होतो, त्यामुळे विमानावर चुकीचं काही लिहिलेलं दिसलं की मला राहवत नाही. लुधियानात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांच्या पुतळ्याजवळ नॅट विमान उभं आहे. ते त्यांचं स्वतःचं नव्हे. त्यांचं विमान १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरजवळ पाकिस्तानी सेबर विमानांशी एकट्याने झुंजताना कोसळलं. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये हवाई दलात आलेल्या ‘परशुराम’ नावाच्या जुन्या डाकोटा वाहतूक विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला सैनिक घेऊन पहिल्यांदा उतरलेल्या डाकोटाचा तो क्रमांक. विमान दुसरंच, पण मान त्या उड्डाणाचा. तेव्हा ‘हेच त्याचं विमान’ असं लिहू नका, ‘तो या प्रकारचं विमान उडवत असे’ एवढं पुरे आहे.

आणि सरावात गेला तर सरावात गेला असंच लिहा. ‘शत्रूशी झुंजताना’ वगैरे कुणी घालायला सांगितलं तर ठाम नकार द्या. मिग-२१ ने ६२ वर्षं सेवा केली, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप घेतला, आणि त्यावर गेलेल्यांपैकी पुष्कळ जण सरावातच गेले. त्या मरणात काही उणं नाही. त्याच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे विमानांच्या तुकडीचं नाव, तारखा, हुद्दा हे सोबत्यांकडून आत्ताच लेखी घ्या. माहिती वेळेत हाती आली नाही तर काय होतं बघा. स्क्वाड्रन लीडर देवय्या १९६५ मध्ये पाकिस्तानातल्या सरगोधा हवाई तळावरच्या हल्ल्यातून परतले नाहीत. त्यांनी पाकिस्तानचं स्टारफायटर हे लढाऊ विमान पाडलं होतं, हे आपल्याकडे उमगून महावीर चक्र मिळायला १९८८ उजाडलं.

जागा एखाद्या कॉलेजच्या किंवा पॉलिटेक्निकच्या आवारात बघा, जिथे वॉचमन आहे आणि मुलं आहेत. चौकात चार दिवसांत फ्लेक्स लागतात. शिवाय विमान मागायचा अर्ज संस्थेच्या किंवा महापालिकेच्या नावाने गेला तर वजन पडतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी भेटा, तिथून हवाई दल मुख्यालयापर्यंतची वाट कळेल. इजेक्शन सीटमधली (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) स्फोटकं काढल्याचं पत्र ताब्यात आल्याशिवाय कुणालाही कॉकपिटमध्ये चढू देऊ नका.

खरं काम पुढे आहे. विमानाच्या पोटाला बारीक भोकं असतात, आत शिरलेलं पाणी निघून जाण्यासाठी. एका गावात मी पाहिलं, पेंटरने लांबी (पुट्टी) भरून ती सगळी बुजवली होती, वरून चकचकीत ऑइलपेंट. दोन पावसाळ्यांनी रिव्हेटभोवती पांढरी भुकटी फुटायला लागली. बोटाने खरवडली तर पत्रा पापुद्र्यासारखा सुटला. पुढच्या तोंडात कबुतरांची घरटी, त्यांची विष्ठा ॲल्युमिनियम खाते ती वेगळीच. म्हणून पुढून-मागून जाळी बसवा, भोकं मोकळी ठेवा, रंगाआधी ॲल्युमिनियमचा प्रायमर मारा, वजन टायरवर न ठेवता स्टँडवर घ्या. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशीपार जातो, कॅनॉपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, तडे जाऊन ती पिवळी पडते, तेव्हा वर शेड हवीच. विमानावरच्या हवाई दलाच्या तिरंगी गोलाचं बाहेरचं कडं केशरी, मग पांढरा, आत हिरवा. पेंटर हमखास उलटं करतात. नाव कॉकपिटखाली डाव्या बाजूला घाला, वैमानिक तिकडूनच चढतो.

वर्गणीतला निम्मा पैसा बँकेत ठेव म्हणून ठेवा आणि धुण्या-पुसण्याचा खर्च व्याजातून करा. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधले किंवा साखर कारखान्यातले निवृत्त फिटर शोधा, हात लावायला आनंदाने येतील. मी जुळे सोलापुरात राहतो, मीही येईन. फलकाचा मजकूर तयार झाला की मावशींना वाचून दाखवा आणि मग इथे टाका, तांत्रिक बाजू मी तपासून देतो.