पंचवीस फर्म्सचा तक्ता आणि राहून गेलेला रकाना

प्रिय मुली,

तुझी एक्सेल शीट उघडून बसले आहे. लंडनमधल्या पंचवीस लॉ फर्म्स, जिथे तू ट्रेनी, म्हणजे शिकाऊ वकील, म्हणून अर्ज करणार आहेस. प्रत्येकीसमोर पगार, क्रमवारी, अर्जाची शेवटची तारीख आणि 'प्रेस्टिज' नावाच्या रकान्यात दहापैकी गुण. ते गुण कुठून आणलेस ते विचारत नाही. मीही तुझ्या वयात असेच दिले होते, फक्त वहीत. पण एक रकाना शोधूनही सापडला नाही: या फर्ममध्ये ट्रेनी दिवसभर नेमकं काय करतो?

तुझे तिन्ही कव्हर लेटर्सचे मसुदे एकसारखे का वाटतात, याचं उत्तर त्या न आखलेल्या रकान्यात आहे. फर्म्समधला फरक तुला दिसलेला नाही, मग तो कागदावर येणार कुठून?

सॉलिसिटर, म्हणजे अशिलांचं काम पाहणारा वकील, होण्याआधीचं दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट आणि त्यात सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स, म्हणजे एकेका विभागातल्या पाळ्या, हा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. आता हिशेब कर. एखाद्या फर्मचं मुख्य काम कॉर्पोरेट आणि बँकिंगचं असेल, तर तुझ्या चारपैकी दोन सीट्स, कधी तीनसुद्धा, तिथेच जातील. तुला एम्प्लॉयमेंट लॉ आवडतो असं तू लिहिलं आहेस. त्या विभागात एका वेळी किती ट्रेनी बसतात? माहितीपत्रकावर सगळे विभाग एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेले असतात, पण खुर्च्या सारख्या नसतात. हा प्रश्न लॉ फेअरमध्ये, म्हणजे फर्म्स विद्यार्थ्यांना भेटतात त्या मेळाव्यात, तिथल्या ट्रेनीलाच विचार, एचआरच्या माणसाला नको. 'मागच्या वेळी ती सीट किती जणांनी मागितली आणि किती जणांना मिळाली?' एवढंच विचारायचं. उत्तर देण्याआधी तो किती वेळ थांबतो, तेही ध्यानात ठेव.

दुसरा हिशेब माणसांचा. क्लिफर्ड चान्स किंवा लिंकलेटर्ससारख्या फर्म्स लंडनमध्ये वर्षाला शंभराच्या आसपास ट्रेनी घेतात. अमेरिकन फर्म्सची लंडनची ऑफिसं साधारण दहा-वीस जणांवर थांबतात. शंभर जणांत तुला शिकवण्याची व्यवस्था बसलेली असते: वर्ग, टिपणं, नमुने, सोबतीला तुझ्याच वयाची माणसं. दहा जणांत ती व्यवस्था पातळ असते, पण काम लवकर हातात येतं, कधी हाताला पेलण्याआधीच. जोन्स डे या फर्ममध्ये तर सीट्सची ठरावीक अदलाबदलच नाही. ट्रेनीने आपलं काम वेगवेगळ्या पार्टनर्सकडून स्वतः मिळवायचं असतं. काहींना ते स्वातंत्र्य वाटतं. मला तिथे पहिल्या महिन्यातच घाम फुटला असता. तुला काय होईल, हे तू ठरव, पण ठरव. 'मला स्वतंत्रपणे काम करायला आवडतं' हे वाक्य सगळीकडे चिकटवू नकोस.

आणि काम म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. मोठ्या डीलमध्ये ट्रेनी डेटा रूममधले, म्हणजे व्यवहारासाठी एकत्र ठेवलेल्या कंपनीच्या कागदपत्रांतले, शेकडो करार वाचतो आणि कंपनीची मालकी बदलली तर समोरच्याला करार मोडता येईल अशी कलमं हुडकून काढतो. कर्ज उचलण्याआधी बँकेला कोणकोणते कागद हवेत, याची यादी सांभाळतो. तीन देशांतून सह्यांची पानं गोळा करतो आणि सगळं आटोपल्यावर त्या कागदपत्रांचा गठ्ठा बांधतो. त्या गठ्ठ्याला 'बायबल' म्हणतात, का ते पहिला बांधलास की कळेल. मध्यम फर्ममध्ये तोच ट्रेनी संचालक मंडळाच्या ठरावाचा पहिला मसुदा लिहितो आणि अशिलाशी फोनवर स्वतः बोलतो, पण ती डील वर्तमानपत्रात येत नाही. दोन्हीकडे दर सहा मिनिटांचा हिशेब लिहायचा असतो, तासाचे दहा तुकडे. ही सवय अंगवळणी पडायला मला वर्ष लागलं, आणि आता सुट्टीतही सुटत नाही.

करार वाचण्याचं हे काम आता यंत्राकडे सरकतं आहे. ॲलन अँड ओव्हरीने फेब्रुवारी २०२३ मध्ये 'हार्वे' हे एआय साधन वापरत असल्याचं जाहीर केलं, त्यानंतर बाकीच्याही मागे राहिल्या नाहीत. मुलाखतीत 'तुम्ही एआय वापरता का' असं विचारू नकोस, सगळेच हो म्हणतात. 'त्यामुळे पहिल्या सीटच्या ट्रेनीचं कोणतं काम गेलं आणि त्या जागी काय आलं' हे विचार.

आता नावांकडे येऊ. 'मॅजिक सर्कल' म्हणून, म्हणजे लंडनच्या सर्वांत नामांकित म्हणून, ज्या पाच फर्म्स तू एका पिवळ्या रंगात रंगवल्यास, त्या आतून एकसारख्या नाहीत. ॲलन अँड ओव्हरी १ मे २०२४ रोजी न्यूयॉर्कच्या शिअरमन अँड स्टर्लिंगशी विलीन होऊन ए अँड ओ शिअरमन झाली. म्हणजे अमेरिकेत स्वतः उभं राहायचं, ही तिची दिशा. स्लॉटर अँड मेची परदेशात मोजकीच ऑफिसं आहेत. बाकी देशांत ती तिथल्या स्वतंत्र फर्म्सबरोबर काम करते. त्यामुळे एका ठिकाणी परदेशातली सीट म्हणजे स्वतःच्याच फर्मचं दुसरं ऑफिस, तर दुसऱ्या ठिकाणी बऱ्याचदा परक्या फर्ममध्ये पाहुणी म्हणून सहा महिने. हा फरक तुझ्या पत्रात आला असता, तर मी ते पुढे वाचलं असतं.

पगाराबद्दल. फ्रेशफील्ड्सने मे २०२४ मध्ये नव्या सॉलिसिटरचा पगार १,५०,००० पाउंडांवर नेला, पाठोपाठ इतरांनीही वाढवला; काही अमेरिकन फर्म्स तेव्हा १,८०,००० पर्यंत देत होत्या. पैसा वाईट असं मी म्हणणार नाही, माझ्या घराचे हप्ते त्यातूनच फिटले. पण त्या वरच्या तीस हजारांत काय विकत घेतलं जातं ते ओळख: रात्री दहाला आलेल्या ईमेलला तुझं उत्तर. शिवाय तो आकडा सॉलिसिटर झाल्यानंतरचा आहे. ट्रेनीचा पगार त्याच्या जवळपासही नसतो, आणि तुझ्या तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात मिसळले आहेत.

म्हणून प्रेस्टिजचा रकाना काढून टाक आणि तिथे 'रिटेन्शन' घाल, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावर किती जणांना ठेवून घेतलं. लीगल चीक आणि चेंबर्स स्टुडंट या संकेतस्थळांवर हे आकडे मिळतात. मात्र टक्केवारीला भुलू नकोस. पाच ट्रेनी असलेल्या फर्ममधून एक जण आपण होऊन गेला तरी आकडा थेट ८० वर येतो. नोकरी दिली किती जणांना, घेतली किती जणांनी, मागितलेल्या विभागात मिळाली का, आणि ती कायमची की वर्षभराची, हे चार प्रश्न टक्क्यामागे दडलेले असतात. एका वर्षावर विसंबू नको, तीन-चार वर्षं पाहा.

विद्यार्थी ज्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत असं एक ठिकाण म्हणजे कंपनीज हाउस, ब्रिटनमधलं कंपन्यांचं सरकारी नोंदणी कार्यालय. बहुतेक मोठ्या फर्म्स एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी, आहेत, त्यामुळे त्यांना वार्षिक हिशेब तिथे दाखल करावे लागतात आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. उत्पन्न कसं बदललं, माणसं वाढली की घटली, कर्ज किती, सगळं त्यात असतं. जाहिरातीत 'आम्ही वेगाने वाढतो आहोत' म्हणणारी फर्म तिथे वेगळी दिसू शकते. स्लॉटर अँड मे तिथे सापडणार नाही, कारण ती एलएलपी नाही, जुन्या पद्धतीची भागीदारीच आहे. हे कळल्यावर मला त्या फर्मबद्दल तिच्या अख्ख्या माहितीपत्रकापेक्षा जास्त समजलं होतं.

हे सगळं ताजं ठेवायला लागतं, याची किंमत मी मोजली आहे. माझ्या दुसऱ्याच मुलाखतीत मी एका फर्मच्या शिपिंग विभागाचं तोंडभरून कौतुक केलं. समोरच्या पार्टनरने शांतपणे सांगितलं, 'ती टीम तीन महिन्यांपूर्वी दुसरीकडे गेली.' आख्खी टीम, पार्टनरसकट. व्यावसायिक वृत्तपत्रांत बातमी येऊन गेली होती. मी वाचत होते मागच्या वर्षीचं पुस्तक. त्यानंतरची वीस मिनिटं काय बोलले ते आजही आठवत नाही.

आता तुझं पत्र. 'आपल्या फर्मची आंतरराष्ट्रीय ओळख आणि नावीन्याची संस्कृती मला आकर्षित करते.' या वाक्यात फर्मचं नाव बदलून पाहा. वाक्याला काही दुखलं का? नाही ना, मग ते खोड. तुझ्या तिन्ही पत्रांवर ही कात्री चालवली, तर मोजून चार ओळी उरतात. त्या चारांतली एक मात्र अस्सल आहे: सुपरमार्केटमध्ये शनिवारी काम करताना तुला दिसलेलं, मागवलेल्या मालाऐवजी दुसराच माल येण्याचं प्रकरण. तू ते 'ग्राहकसेवा' म्हणून एका ओळीत उरकलंस. अगं, तोच तर करार आहे! पुरवठादाराने बदली माल पाठवला, तो विकला गेला नाही, नासला, नुकसान कोणाचं? आधी कळवायची जबाबदारी कोणाची? दुकानाने पुढच्या वेळी कोणतं कलम मागायला हवं? 'कमर्शियल अवेअरनेस' म्हणून जे मागतात, ते हेच. त्यासाठी रोज फायनान्शियल टाइम्स पाठ करावा लागत नाही. ती ओळ वाढवून परिच्छेद कर, आणि ज्या फर्मकडे रिटेल अशील आहेत तिथेच पाठव.

पंचवीस अर्ज करू नकोस. आठ-नऊ कर. बऱ्याच फर्म्स शेवटच्या तारखेची वाट न पाहता आलेले अर्ज वाचायला लागतात, त्यामुळे तुझ्या तक्त्यातली ती तारीख दोन आठवडे अलीकडे धर. व्हेकेशन स्कीमला, म्हणजे फर्ममधल्या सुट्टीतल्या अल्पकालीन अनुभवाला, आधी लाग, कारण पुष्कळ फर्म्स ट्रेनी मुख्यतः त्यातूनच निवडतात. तिथे गेल्यावर कोणतंही काम हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचार: हे कशासाठी वापरलं जाणार, आणि कधी हवं.

वॉटसन-ग्लेझर या तर्कशक्तीच्या चाचणीत तू दोनदा अडकलीस म्हणालीस. अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात: खरं, बहुधा खरं, माहिती अपुरी, बहुधा खोटं, खोटं. तू 'माहिती अपुरी' जवळजवळ निवडतच नाहीस, हे तुझ्या सरावाच्या कागदावरून दिसलं. वाचन दांडगं असलं की माणूस उताऱ्यातली फट स्वतःच्या ज्ञानाने बुजवतो. उताऱ्यात नाही ते तुला माहीतच नाही, असं समजून सोडव.

व्हिसाबद्दल मात्र आडपडदा नको. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी फर्मकडे स्पॉन्सर परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी सरकारी संकेतस्थळावर उघड आहे. तक्त्यातली प्रत्येक फर्म त्यात आहे का, ते आधी पाहा. फॉर्ममध्ये विचारलं की खरं उत्तर द्यायचं, दोन ओळींत, माफी न मागता.

आणि यंदा काहीच हाती आलं नाही तर? सप्टेंबर २०२१ पासून एस.क्यू.ई., म्हणजे सॉलिसिटर होण्याची पात्रता परीक्षा, आली. दोन वर्षांचा पात्र अनुभव आता जास्तीत जास्त चार संस्थांमध्ये मिळून पुरा करता येतो, त्यामुळे पॅरालीगलचं, म्हणजे वकिलांच्या मदतनिसाचं, कामही जमेला धरलं जाऊ शकतं. माझ्या टीममधली सर्वांत तयार सॉलिसिटर याच वाटेने आली. मात्र परीक्षेचा खर्च तेव्हा तुझ्या खिशातून जाईल. मोठ्या फर्म्स आपल्या ट्रेनींसाठी तो उचलतात. हाही तक्त्यातला एक रकाना.

नवी शीट गुरुवारपर्यंत पाठव. नऊ ओळींपेक्षा जास्त दिसल्या तर उघडणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. स्लॉटर अँड मेच्या नावात 'अँड' अक्षरांत लिहितात, तुझ्या पत्रात चिन्ह आहे. ते आधी सुधार.